१९ दिवस दारू बंद आहे, झोप सुधारली पण चाल काही सुचत नाहीये

पेटीवाला
नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय कारण हे घरी बोलून झालंय आणि तरी डोक्यातून जात नाहीये.

मी दिवसा नोकरी करतो आणि रात्री चाली लावतो. कविता समोर ठेवायची, पेटी काढायची, फोनवर रेकॉर्डिंग चालू करायचं आणि बसायचं. आठ-नऊ वर्षं हे चाललंय आणि त्यातली सहा तरी वर्षं शेजारी ग्लास असतोच. आठवड्यातले चार-पाच दिवस, रात्री दोन पेग, कधी तीन, सुट्टीच्या आदल्या रात्री जास्त. कामावर कधी खाडा नाही, घरात आरडाओरडा नाही, त्यामुळे हे व्यसन आहे असं मनात कधी आलंच नाही आणि आजही नक्की काय म्हणायचं ते कळत नाही. पेटी, ग्लास आणि रात्रीचे अकरा हे माझ्यासाठी एकच काहीतरी होतं, वेगळं करून कधी पाहिलंच नव्हतं.

बंद का केली ते सांगतो. फोनची मेमरी भरली म्हणून एका दुपारी जुनी रेकॉर्डिंग्ज काढून टाकायला बसलो, घेतलेली नव्हती, आणि एकामागून एक ऐकत गेलो. दीड वर्षातली ४३ निघाली. सगळे मुखडे, म्हणजे गाण्याची नुसती सुरुवात. अंतरा, म्हणजे पुढचं कडवं, एकालाही नाही. त्यातले काही मुखडे खरंच चांगले आहेत, दोन-तीन तर मी केलेत हेच मला आठवत नव्हतं. पण प्रत्येकात क्रम तोच, मुखडा सापडतो, तो मी तीन-चार वेळा गातो, माझाच 'वा' असा आवाज येतो, मग ग्लास खाली ठेवल्याचा आवाज, मग बराच वेळ काही नाही, आणि परत तोच मुखडा, या वेळी थोडा बेसूर. पुढे जायचा साधा प्रयत्नसुद्धा कुठे ऐकू येत नाही. ते ऐकताना पोटात खड्डा पडला. त्याच रात्री ठरवलं की दोन महिने हात लावायचा नाही.

आज १९वा दिवस. पहिले चार-पाच दिवस झोपच लागेना, टक्क जागा. मग झोप लागायला लागली तर स्वप्नं इतकी स्पष्ट की सकाळी उठून खरं-खोटं वेगळं करायला वेळ लागायचा. आता गेला आठवडाभर मात्र अशी झोप लागतेय की जी मी विसरूनच गेलो होतो. सकाळी तोंडाला कडवटपणा नाही, छातीत ती विनाकारणची धडधड नाही, बायको म्हणते चेहऱ्यावरची सूज उतरली. हे सगळं चांगलंच आहे.

पण पेटीपुढे बसलो की काहीच नाही. बोटं फिरतात, सूर लागतात, आणि जे वाजवतो ते आधी कुणीतरी केलेलं वाटतं. दुसऱ्या ओळीच्या आतच डोक्यात कुणीतरी म्हणतं 'हे नको'. पूर्वी हे 'हे नको' म्हणणारं गप्प असायचं. काल तर दहा मिनिटांत पेटी बंद केली आणि अकरा ते साडेबारा नुसता बसून राहिलो.

तर विचारायचं हे की ज्यांनी असा ब्रेक घेतलाय आणि जे काही लिहितात, काढतात, वाजवतात, त्यांचं परत आलं का? किती दिवसांनी? आणि माझं जे काही होतं ते माझं होतं की ग्लासातलं होतं, हे कळायचा काही मार्ग आहे का? हा प्रश्न मला मनापासून छळतोय, त्यामुळे गोड बोलू नका, जे असेल ते सांगा.


निळी शाई
पेटीवाला, तुमचं वाचून तीन वर्षांपूर्वीची मी आठवले. मी कथा लिहिते, आणि माझंही रात्रीचंच असायचं, वाईनची बाटली अर्धी झाली की लिहायला लागायचं, संपत आली की थांबायचं. बंद केली तेव्हा पहिले जवळजवळ अडीच महिने मी जे लिहिलं ते आज वाचवत नाही. कोरडं, सरळ, शाळेतल्या निबंधासारखं. मला वाटलं संपलं, हेच माझं खरं लिखाण आणि बाकी सगळी नशेची करामत होती.

तसं नव्हतं. पण ते 'परत आलं' असंही म्हणणार नाही, कारण जे आलं ते आधीचं नाहीच, दुसरंच आहे. हळू येतं, पण शेवटपर्यंत जातं.

तुमच्या ४३ मुखड्यांचं मला जे वाटतं ते सांगते. एखादी गोष्ट पूर्ण केल्यावर जे बरं वाटतं ना, ते दारू आधीच हातात ठेवते. मुखडा झाला की तुम्हाला गाणं झाल्यासारखंच वाटत होतं, मग अंतऱ्याकडे कोण जाणार? माझ्या वहीत पण हेच होतं, कथांचे पहिले परिच्छेद, एकाहून एक. सगळ्यांत वाईट म्हणजे ते परिच्छेद मला खरंच आवडायचे, म्हणून ही अडचण आहे हेच लक्षात यायला इतकी वर्षं गेली.

आणि ते 'हे नको' म्हणणारं जे आहे, त्याला शत्रू समजू नका असं माझं मत. इतकी वर्षं त्याला रोज झोपवलंत, आता जागं झालंय तर ते जरा जास्तच ओरडणार. मी काय केलं तर त्याला वेळ वाटून दिली. सकाळी पाऊण तास काहीही लिहायचं, वाचायचं नाही, खोडायचं नाही. खोडायचं ते संध्याकाळी. पहिले काही आठवडे सकाळचा तो पाऊण तास नुसता त्रास होता, खोटं सांगत नाही.

रेमंड कार्व्हर माहीत असेल तुम्हाला, अमेरिकन कथाकार. त्याने २ जून १९७७ ला दारू सोडली ती कायमची, १९८८ मध्ये जाईपर्यंत. सोडल्यानंतर बराच काळ त्याने जवळपास काहीच लिहिलं नाही, आणि त्या काळात त्याला त्याची फारशी पर्वाही नव्हती, न पिता दिवस निघतोय हेच त्याला मोठं वाटत होतं. त्याच्या ज्या कथा मला सगळ्यात भरलेल्या, मोकळ्या वाटतात त्या त्यानंतरच्या आहेत. मी त्या अडीच महिन्यांत ही एकच गोष्ट धरून बसले होते. तुमचे तर १९च दिवस झालेत हो.

एक व्यावहारिक सांगू का, ती अकराची वेळ सोडून द्या सध्या. त्याच खोलीत, त्याच खुर्चीत, त्याच वेळी बसलात तर शरीर ग्लासाचीच वाट बघत बसणार. मी टेबल उचलून दुसऱ्या खिडकीपाशी नेलं होतं, ऐकायला फार साधं वाटतं पण मला त्याचा खूप उपयोग झाला.


रेघोट्या
मी थोडं वेगळं बोलणार आहे, कारण धागाकर्त्याने गोड बोलू नका म्हटलंय.

मी चित्रं काढतो. मीही तीन महिने बंद केली होती आणि मग परत सुरू केली, आता महिन्यातून दोन-तीनदा, काम संपल्यावर, कामाच्या वेळी कधीच नाही. माझ्या मते दारूचा आणि सुचण्याचा काहीच संबंध नाही असं म्हणणं प्रामाणिकपणाचं नाही. २०१२ साली शिकागोतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग केला होता. ४० तरुण पुरुष, निम्म्यांना रक्तातलं अल्कोहोल साधारण ०.०७५ टक्के होईल इतकी दारू दिली, आणि मग सगळ्यांना कोडी घातली. तीन शब्द द्यायचे आणि तिन्हींना जोडणारा चौथा शोधायचा, म्हणजे आपल्याकडे डोळा, विहीर, ढग म्हटलं की पाणी, तसं. प्यायलेल्यांनी ५८ टक्के सोडवली, न प्यायलेल्यांनी ४२ टक्के, आणि प्यायलेले लवकरही सोडवत होते. म्हणजे पेटीवाल्यांचा अनुभव उगाच नाही, मुखडा खरोखरच सापडत होता.

पण त्याच प्रयोगात हेही दिसलं की एका वेळी अनेक गोष्टी डोक्यात धरून ठेवायची ताकद कमी झाली. नंतर २०१७ ला ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठात बिअर आणि बिनअल्कोहोलची बिअर देऊन असाच प्रयोग झाला, प्रमाण बरंच कमी, ०.०३ च्या आसपास. त्यातही ती जोडशब्दांची कोडी जास्त सुटली, पण एका गोष्टीचे वेगवेगळे उपयोग सुचवा, नवीन कल्पना काढा, या कामात काही फरक पडला नाही.

मला यातून जे कळलं ते असं की दारू लक्ष सैल करते, आणि लक्ष सैल झालं की दूरच्या दोन गोष्टी अचानक चिकटतात. चित्राची पहिली कल्पना अशीच येते. पण ती कल्पना कॅनव्हासवर उतरवताना रंग, तोल, मोकळी जागा, सगळं एकदम डोक्यात धरावं लागतं, आणि तिथे एक पेगसुद्धा नडतो. अंतऱ्याचं पण तसंच असणार, मुखडा डोक्यात धरून त्याच्यापासून लांब जायचं आणि परत यायचं, हे सैल डोक्याने कसं व्हायचं.

आणि लक्ष सैल करायला दारूच लागते असं थोडंच आहे. मला अंघोळ करताना, लांब चालताना, पहाटे अर्धवट झोपेत तेवढंच सुचतं. फक्त तिथे हातात पेन्सिल नसते म्हणून ते मोजलं जात नाही. तुम्ही अकराला पेटीपुढे बसून वाट बघताय, त्याऐवजी कविता पाठ करा आणि तासभर चालायला जा, फोन खिशात असू द्या.


सावली उन्हातली
मी व्यसनमुक्तीच्या कामात आहे, समुपदेशन करते, डॉक्टर नाही. वरच्या दोघांनी कलेचं छान सांगितलंय, मी शरीराचं सांगते, आणि एक धोक्याची गोष्ट आधी, कारण हा धागा वाचून उद्या कुणीतरी बंद करायचं ठरवेल.

पेटीवाला, तुमचे १९ दिवस निघालेत, हात थरथरले नाहीत असं धरून चालते, त्यामुळे तुमच्यासाठी ती वेळ गेली. पण जे रोज, भरपूर, वर्षानुवर्षं घेतात, ज्यांना सकाळी उठल्यावर घेतल्याशिवाय बरं वाटत नाही, त्यांनी मनाने अचानक बंद करू नये. डॉक्टरांना भेटून करावं. दारू मेंदूला शांत करते, मग मेंदू स्वतःला जागं ठेवण्यासाठी उलट जोर लावायला शिकतो, आणि दारू एकदम काढली की तो जोर तेवढाच उरतो. घाम, थरथर, घाबरं होणं, उलट्या, हे शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते २४ तासांत सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो, नसलेल्या गोष्टी दिसतात, आणि यात जीव जाऊ शकतो. औषधांनी हे टाळता येतं, म्हणून कृपा करून निश्चयाची परीक्षा म्हणून हे करू नका.

आता झोप. तुम्ही जे लिहिलंय ते अगदी नेहमीचं आहे. दारूने झोप लवकर लागते हे खरं, पहिल्या अर्ध्या रात्री गाढही लागते, पण स्वप्नांची झोप दाबली जाते आणि पहाटेकडे झोप तुकड्यातुकड्यात मोडते. बंद केली की दाबलेली ती झोप उसळून येते, म्हणून ती स्पष्ट स्वप्नं. ज्यांचं पिणं जास्त होतं त्यांना झोप पूर्ण बसायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. नवीन शिकलेलं पक्कं होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो, बोटांचं शिकलेलंसुद्धा, म्हणजे तुमच्या पेटीला ही झोप हवीच आहे. सकाळची ती विनाकारण धडधड म्हणताय तीही याच उलट्या जोराची, लोक तिला स्वभाव समजतात आणि संध्याकाळी ती घालवायला परत घेतात.

आणि तुम्ही विचारलंत ना, माझं होतं की ग्लासातलं, त्यावर एक जुना प्रयोग सांगते. १९६९ साली सायन्स या नियतकालिकात गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापला होता. प्यायलेल्या अवस्थेत शिकलेल्या काही गोष्टी लोकांना शुद्धीत असताना कमी आठवल्या, आणि परत प्यायल्यावर जास्त आठवल्या. म्हणजे शिकणं त्या त्या अवस्थेला चिकटून बसतं. तुम्ही सहा वर्षं चाली लावायचं काम त्या एकाच अवस्थेत केलंत. आता न पिता बसल्यावर हात अनोळखी वाटणार, तो तुमच्या गुणाचा अभाव नाही, सरावाचा अभाव आहे. सराव नव्या अवस्थेत परत करायला लागणार, आणि त्याला दिवस लागणार.

तलफ आली तर एवढं करून बघा, घड्याळात पंधरा-वीस मिनिटं लावा आणि तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत जा, हातांना काम द्या. तलफ लाटेसारखी चढते आणि बहुतेक वेळा तेवढ्यात उतरायला लागते. पोटभर जेवून घ्या, रिकाम्या पोटी ती जास्त छळते.

'व्यसन आहे का' याचं उत्तर हवं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची प्रश्नावली आहे, फक्त १० प्रश्न, एकूण ४० गुण. ८ किंवा त्याहून जास्त आले तर पिणं धोक्याकडे चाललंय असं समजायचं, २० किंवा त्याहून जास्त आले तर अवलंबून असण्याची शक्यता धरून डॉक्टरांकडेच जायचं. स्वतःशी खरं बोलून भरा.


धाकटी
सावलीताई, तुम्ही ते आधी लिहिलंत म्हणून तुमचे खूप आभार. माझा मोठा भाऊ रोज घ्यायचा, सकाळपासून. एका रात्री आईने रडून सांगितलं आणि त्याने त्याच क्षणी बाटल्या मोरीत ओतल्या. आम्हाला सगळ्यांना इतका आनंद झाला होता, मी त्याला मिठी मारली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घाम आणि थरथर, आम्हाला वाटलं ताप आहे, झोपून राहा म्हटलं. रात्री फिट आली. दवाखान्यात नेलं तर आधी त्यांनी तापाचंच धरलं, मीच शेवटी सांगितलं की कालपासून दारू बंद केलीय, मग सगळं बदललं. वाचला तो, आता दोन वर्षं झाली, घेत नाही.

मला एवढंच सांगायचंय की घरच्यांनो, डॉक्टरांपासून हे लपवू नका, लाज वाटते मान्य आहे, मलाही वाटली होती, पण त्या दिवशी मी गप्प बसले असते तर काय झालं असतं हा विचार अजून येतो.

पेटीवाला, तुमचं वेगळं आहे मला कळतं, पण तुमच्या बायकोने चेहऱ्यावरची सूज उतरली म्हटलं ना, ते वाचून मला भरून आलं. ती रोज बघत होती.


पेटीवाला
धाकटी, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. भावाला माझ्याकडून खूप शुभेच्छा.

सावलीताई, हात थरथरले नाहीत, पहिल्या दोन रात्री थोडा घाम यायचा तेवढंच. प्रश्नावली भरली. पहिल्यांदा भरली तेव्हा ९ आले, मग बायकोला शेजारी बसवून परत भरली तर १३. ती म्हणाली रात्रीचं काय बोलणं झालं ते सकाळी आठवत नाही असं किती वेळा होतं ते तू मोजलंच नाहीस. मला खरंच माहीत नव्हतं. १३ आकडा बघून वाईट वाटलं, पण काहीतरी जमिनीवर पाय टेकल्यासारखंही वाटलं.

रेघोट्या, तुमचा तो 'डोक्यात धरून ठेवायची ताकद' हा मुद्दा माझ्या डोक्यात फिट बसला. मला रात्री मुखडा परत परत गावा लागायचा तो आवडतोय म्हणून नव्हे, तर तो निसटत होता म्हणून, हे आता रेकॉर्डिंग परत ऐकल्यावर कळतंय.

निळी शाई, पेटी हलवलीय. वेळ सकाळची साडेसहाची. अजून काही येत नाही पण बसतोय.


ठेका
वयाने बराच मोठा असेन म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस बाबा. मी तबला वाजवतो, ३० वर्षं होतील, आणि त्यातली अर्धी मी असाच होतो. कार्यक्रम झाला की बैठक, बैठक झाली की पहाट. मला वाटायचं की घेतल्यावर माझा हात मोकळा होतो. मग एकदा साथीला बसलो त्याचं रेकॉर्डिंग ऐकलं, लय प्रत्येक आवर्तनात थोडी थोडी पुढे पळत होती आणि मला वाजवताना ती ठाय, म्हणजे संथ वाटत होती. समोरचा गायक बिचारा सांभाळून घेत होता. तेव्हापासून वाजवण्याआधी घेणं बंद केलं आणि मग वर्षभराने बाकीचंही सुटलं.

तुझा अंतरा का होत नाही यावर या सगळ्यांनी मेंदूचं सांगितलं ते बरोबरच असेल, पण थोडं कामाचंही आहे. मुखडा सुचतो, अंतरा बसवावा लागतो. नवीन मुखडे शोधणं बंद कर सध्या. तुझ्याकडे ४३ पडलेत की. त्यातला एक घे, सगळ्यात आवडता घेऊ नकोस, त्याला हात लावायला भीती वाटेल, मधला एखादा घे. आधी हे ठरव की अंतरा संपवून मुखड्यावर कुठल्या सुरावरून परत यायचंय. ती परतीची जागा पक्की झाली की मग उलटा मागे मागे जा. वर तार षड्जापर्यंत, म्हणजे वरच्या 'सा'पर्यंत जायलाच हवं असं काही नाही, सगळे जातात म्हणून आपण जातो. एकाच मुखड्याला तीन अंतरे कर, तिन्ही वाईट झाले तरी चालतील पण तिन्ही पूर्ण कर, शेवटच्या अक्षरापर्यंत. तुला पूर्ण करायची सवय मोडलीय, ती सवय परत लागू दे, चांगलं-वाईट नंतर बघ.

अजून एक, हे कुणी सांगणार नाही म्हणून सांगतो. दोन महिन्यांत मित्रांची एखादी तरी बैठक येणारच. तिथे कारणं देत बसू नकोस, औषध चालू आहे, पोट बिघडलंय वगैरे, कारण दिलं की लोक त्या कारणाशी वाद घालतात. 'सध्या घेत नाही' एवढं म्हण आणि ग्लासात सोडा-लिंबू घेऊन बस, ग्लास भरलेला असला की कुणी भरायला येत नाही. आणि गाणं संपलं की निघ. बैठकीत दारू न घेता बसणं पहिल्या तासाला सोपं असतं, तिसऱ्या तासाला फार एकटं वाटतं, त्या तिसऱ्या तासापर्यंत थांबूच नकोस.


रेघोट्या
ठेका, परतीची जागा आधी ठरवायची हे चित्रालाही तसंच लागू आहे, उद्याच करून बघणार.

पेटीवाला, जमलं तर सांगा, आणि शक्य असेल तर ऐकवा.


पेटीवाला
मंडळी, आज ३७वा दिवस. मध्ये लिहिलं नाही कारण सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि दोन दिवस फार वाईट गेले. २६व्या दिवशी कामावरून चिडून आलो होतो, घरी कुणी नव्हतं, कपाटापर्यंत गेलो. बाटली बाहेर काढली. मग सावलीताईंचं आठवलं, घड्याळ लावलं वीस मिनिटांचं आणि खाली जाऊन रस्त्यावर फेऱ्या मारल्या. वीस मिनिटांनी तलफ गेली असं नाही झालं, पण जरा कमी झाली, मग अजून वीस मिनिटं मारल्या. रात्री बायको आल्यावर तिला सांगितलं आणि बाटली तिनेच नेऊन कुणाला तरी देऊन टाकली. ही घरात ठेवायचीच का होती असं ती म्हणाली आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ठेकाकाका, तुम्ही सांगितलं तसंच केलं. १७ नंबरचा मुखडा घेतला. पहिला अंतरा चार दिवसांत पूर्ण झाला, वाईट होता, मुखड्याचीच नक्कल. दुसरा त्याहून वाईट. तिसऱ्याला परतीची जागा आधी पकडली, कोमल गंधारावरून यायचं ठरवलं, आणि मग वर न चढता खाली मंद्रात उतरलो, कारण कवितेत त्या जागी दार लावून घेतल्याचं आहे. हे मी रात्री अकराला पेगबरोबर कधीच केलं नसतं, तेव्हा मला सगळं वरच न्यायचं असायचं. सकाळी सव्वासातला तो शेवटपर्यंत गाऊन झाला आणि 'वा' वगैरे काही आलं नाही तोंडून, हात गार पडले होते फक्त. मग परत एकदा गाऊन पाहिला, तर तो तसाच्या तसा होता, निसटला नव्हता.

माझं होतं की ग्लासातलं, याचं अजून पूर्ण उत्तर नाही माझ्याकडे. मुखडा ग्लासाबरोबरचा आहे, अंतरा नाही, आणि गाणं एकच आहे. ६० दिवसांनंतर काय करणार ते ठरवलेलं नाही, बहुतेक पुढेच चालू ठेवेन असं वाटतंय, पण आज त्याचं वचन देत नाही.

निळी शाई, तुमचे अडीच महिने मी धरून बसलोय.

रेकॉर्डिंग पुढच्या प्रतिसादात टाकतो. अंतऱ्याची दुसरी ओळ अजून कच्ची आहे, तिथे लय मागे ओढल्यासारखी वाटते का ते काका तुम्ही तेवढं ऐकून सांगा, मी दादरा तालात धरलाय पण मला शंका आहे.